मास्तरची कंबर

आमच्या दुकानात माप घेणाऱ्यानं फक्त आकडा बोलायचा. छाती, कंबर, बाही, उंची. आकडा म्हणायचा आणि तोंड मिटायचं. गिऱ्हाईक गेल्या खेपेपेक्षा फुगलेलं असो की सुकलेलं, "अगंबाई" म्हणायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत, हसायचं तर मुळीच नाही. हा आमच्या बाबांचा नियम. ते म्हणायचे, माणूस आपल्यासमोर हात पसरून उभा राहतो तो कपड्यासाठी, आपलं मत ऐकायला नाही. नियम चांगलाच होता, गिऱ्हाईकं त्याच्यावरच टिकली. पण मला तो पाळताना जन्मभर जीभ चावावी लागली, कारण माझ्या मनात आलं की ते तोंडातून बाहेर, मध्ये थांबा नाही.

तर हे सगळं माझ्या धाकट्या भावाचं. जग त्याला मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दुकान त्याचं, कात्री त्याची. मी खिडकीशी स्टुलावर बसते, काज करते, बटणं लावते, खालच्या कडा हातानं शिवते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवते. नवरा गेल्यापासून मी भावाकडेच राहते आणि माझ्या बोलण्याचा त्रास त्याला आणि त्याच्या बायकोला फुकट मिळतो.

मास्तर म्हणजे मोठं पोट आणि एवढंसं काळीज. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जिन्यानं चढतो. कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. वीज कडाडली की मशीन बंद करून उगाच माझ्याशेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "ताई, दोरा ओवून देऊ?" दिवसभर बोटांत सुया टोचून घेणारा हा बाप्या इंजेक्शनचं नाव काढलं की पांढराफटक पडतो. मी त्याला भित्री भागूबाई म्हणते. पण पोटाचा त्याला भारी अभिमान. कापायच्या टेबलाच्या कडेला, तो जिथे टेकून उभा राहायचा तिथलं लाकूड त्याच्या पोटानं घासून घासून गुळगुळीत झालंय. पोटावर थापटी मारून म्हणायचा, "हे आहे तोवर मला काही होत नाही."

असं का म्हणायचा ते मला ठाऊक होतं. आमचे बाबा शेवटच्या वर्षात सुकत सुकत गेले. त्यांनीच शिवलेला त्यांचा कोट त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. आई त्यांना अंगात शक्ती यावी म्हणून दुधात साखर घालून घालून पाजायची, गोड बिस्किटं भरवायची. त्यांच्या अंगाबद्दल मात्र घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. नियमच होता ना. मास्तर तेव्हा कोवळा पोरगा होता. त्यानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं असावं की बारीक झालं की माणूस मरतो. तेव्हापासून चहात ढीगभर साखर, आणि वर बशीतली बिस्किटं.

त्याची बायको बारकी. माहेरी भावंडांत शेवटची म्हणून बारकी. आता तिच्यात बारकं म्हणण्यासारखं तेवढं नावच राहिलंय. स्वभावानं लाख माणूस, पण पोटात काय चाललंय याचा पत्ता लागू देत नाही. तीही शिवणकामातलीच, आमच्याकडचं हाताचं काम घरी करते. दुपारी डबा घेऊन दुकानात येते, आणि मास्तरच्या चहाचा फ्लास्क. मी कोरा, बिनसाखरेचा चहा पिते, त्यामुळे तो फ्लास्क त्याचा एकट्याचा. मला त्यातला घोट कधी लागला नाही, आणि हे पुढे महागात पडलं.

एक दिवस मास्तर फ्लास्कचं झाकण तोंडाला लावून थबकला. "बारके, हल्ली चहाला मागून काहीतरी लागतं गं. जिभेवर राहतं."

"दूध बदललंय," बारकी म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

मी ऐकलं आणि सोडून दिलं. दुधाचं काय घेऊन बसायचं?

त्यानंतर एक दिवस मी काज करता करता सहज वर बघितलं. मास्तर टेबलाशी उभा राहून पाठीचा भाग कापत होता, आणि टेबलाच्या कडेचा तो गुळगुळीत डाग मला दिसला. इतकी वर्षं तो डाग मला मास्तर दुकानात नसतानाच दिसायचा. आज मास्तर समोर उभा होता आणि डाग उघडा होता. टेबल आणि पोट यांच्यामध्ये माझा हात सहज गेला असता. मी सुई तशीच कापडात खोचून ठेवली आणि त्याच्याकडे बघत बसले.

मग काय, मला दुसरं काही दिसेचना. मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी त्यानं हात वर केला की कोपराकडे घसरायची. मानेवर टेप टाकलेला असायचा, त्याच्याखाली हाडं वर आली होती. कोपऱ्यातला पाण्याचा जग मी सकाळी भरायची, तो दुपारच्या आत रिकामा. "उकडतंय किती," म्हणत तो पुन्हा भरून प्यायचा, आणि घडीघडीला खडू ठेवून मागच्या बाजूला जाऊन यायचा. मी विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाबांचा नियम माझ्या घशात आडवा आला. गिऱ्हाइकाला बोलायचं नाही ते घरच्याला कसं बोलायचं? आणि खरं सांगायचं तर नियम हे निमित्त झालं. मला बोलायची भीती वाटत होती. बोललं की ते खरं झालं असतं.

गंमत म्हणजे बाकीचं जग खूश होतं. बँकेतले साहेब पॅन्ट घ्यायला आले आणि दारातच हात जोडून उभे राहिले. "मास्तर! अहो, निम्मे झालात की! आणि काय रुबाबदार दिसताय! गुपित काय ते सांगा."

साहेब स्वतः गोलमटोल. खिशात एक इवलीशी डबी बाळगतात, चहा आला की टिक्‌ करून तिच्यातली गोळी त्यात पाडतात. साखर बंद म्हणे, वजन उतरवायचंय. गोळी चहात टाकायची आणि त्याच हातानं केकचा दुसरा तुकडा उचलायचा, असं त्यांचं पथ्य. आम्ही दरवर्षी त्यांची कंबर सैल करून देतो आणि नियमाप्रमाणे गप्प बसतो.

मास्तर त्यांच्याकडे बघून हसला. पण ते गेल्यावर तो माझ्याजवळ आला, स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला. वीज कडाडली नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

"ताई," तो म्हणाला, "मी बाबांच्या वाटेनं चाललोय."

मी म्हटलं, "काहीतरीच बरळू नकोस."

"खरं सांग, तुला दिसत नाही?"

मी सुईत दोरा ओवायला लागले.

"दिसतंय," तो म्हणाला. "बारकीला बोलू नकोस. ती घाबरेल."

"डॉक्टरकडे चल."

"नको! नाव कळलं की संपलं. बाबांना नाव कळलं नव्हतं म्हणून एवढं तरी जगले." आणि त्यानं माझा पदर असा मुठीत धरला, जसा लहानपणी शाळेच्या दारात धरायचा. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

त्याला मी शब्द दिला नाही. देणार तरी कशी, माझी जीभ माझ्या ताब्यात असते का? तडक घरी गेले. बारकी खिडकीत बसून एका कोटाचं अस्तर शिवत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तुझ्या नवऱ्याकडे तुझं लक्ष आहे का? माणूस झिजून चाललाय आणि तू अस्तरं शिवतेयस?"

आणि बारकी हसली. मला वाटलं हिला वेड लागलं. ती उठली, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून डब्यांच्या मागून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. आत पांढरी पावडर होती, थेट साखरेसारखी.

"साखरेऐवजीची आहे," ती म्हणाली. "गोड लागते पण अंगाला लागत नाही. त्या बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं. ताई, ते जिना चढताना कसे धापा टाकायचे, तुम्ही ऐकलंय ना? दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे. मला रोज वाटायचं, आज वर येतात की नाही. सांगून ऐकणार होते थोडेच? म्हणून साखरेच्या डब्यात हीच भरली. आणि बघा, उतरले की नाही?"

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी गोड, आणि मग मागून ती चव, मास्तर म्हणत होता तीच. मी मटकन खाली बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. "अगं बये, तो तिकडे मरायला टेकलाय आणि इकडे तुझी पावडर!"

संध्याकाळी मास्तरला सांगितलं तेव्हा तो आधी भडकला. "माझ्या चहात? माझ्याच घरात? चोर आहेस तू!" मग डबा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हणजे मी मरत नाहीये?"

"मरताय कसले," बारकी म्हणाली, "आता कुठे माणसात आलात."

पुढचे काही दिवस आमच्या घरात नुसता आनंदीआनंद. मास्तर शिट्टी वाजवत कापड कापायचा. येईल त्या गिऱ्हाइकाला पावडरीचं पुराण ऐकवायचा. जिना चढताना मुद्दाम मोठ्यानं बोलत चढायचा, धाप लागत नाही हे बारकीला ऐकू जावं म्हणून. पाण्याचा जग मात्र तसाच रिकामा होत होता. मी बघत होते आणि स्वतःला सांगत होते, उकडतंय.

मग साहेब पुन्हा आले. नवी पॅन्ट, लग्नकार्याची होती. मास्तरनं त्यांच्या कमरेभोवती टेप घातला आणि आकडा म्हणाला. मी लिहायला गेले आणि पेन तसंच राहिलं. साहेब आणखी वाढले होते. चहा आला, साहेबांनी खिशातून डबी काढली. टिक्‌.

मी त्या डबीकडे बघतच राहिले. पावडर काय, गोळी काय, गोड तेच. साहेब ती गोळी वर्षानुवर्षं घेतात आणि वर्षानुवर्षं आम्ही त्यांची शिवण उसवतो. बरं, ते केक खातात, सोडून देऊ. पण मास्तर तरी काय उपाशी होता? उलट हल्ली दुप्पट जेवत होता, बारकीचा डबा पुसून खायचा आणि माझ्यातलाही घास मागायचा. चहातल्या साखरेची पावडर झाली, एवढ्यानं एवढा मोठा माणूस वितळतो? साहेब हसत काहीतरी बोलत होते, त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही.

ते गेल्यावर मी मास्तरची खुंटीवरची पॅन्ट काढली. शर्टपॅन्टचा एक जोड तो दुकानात ठेवतो. इस्त्री करायच्या निमित्तानं ती उलटी केली, आतली बाजू बाहेर, आणि टेबलावर पसरली.

शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. अंग वाढलं तर सैल करायला, उतरलं तर आत घ्यायला. मास्तरच्या पॅन्टीला मागच्या शिवणीला मशीनची एक टीप होती, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. ती टीप मास्तरच्या हातची, मी डोळे मिटून ओळखीन. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींना हातटाके होते. बारीक, एकसारखे, सफाईदार. ते बारकीचे.

मी दोघांनाही समोर बसवलं. बारकी डबा घेऊन आलीच होती. पॅन्ट तशी उलटी त्यांच्यापुढे टाकली.

"हे कुणी केलं?" मी मागच्या शिवणीवर बोट ठेवलं.

मास्तर खाली बघून म्हणाला, "मी. घसरत होती. बारकीला दिसलं असतं तर ती घाबरली असती."

"आणि हे?"

बारकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती मागच्या शिवणीकडे बघत होती. "मी. धुवायला आली की थोडं थोडं आत घ्यायची. त्यांना कळलं असतं की एवढे उतरले, तर पावडरीचा संशय आला असता. पण... मला वाटलं माझेच टाके तेवढे..."

दुसऱ्या कुणाच्या घरी ही पॅन्ट केव्हाच घसरली असती. बायको ओरडली असती, शेजाऱ्यांनी थट्टा केली असती, माणूस डॉक्टरकडे गेला असता. आमच्या घरी ती घसरलीच नाही. आम्ही शिंपी ना! रोज पॅन्ट अंगासरशी बेतलेली. ढगळ कपड्यातला बारीक माणूस आजारी दिसतो, आणि तोच माणूस बेतशीर कपड्यात रुबाबदार दिसतो. जो तो आपलीच शिवण मोजत होता, दुसऱ्याची कुणाला माहीत नव्हती.

मी मास्तरच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "ऊठ. हात पसर."

"ताई, नको."

"पसर म्हणते ना!"

कमरेभोवती टेप घातला. टेप जिथे येऊन मिळाला तो आकडा मला म्हणवेना. तो बाबांचा आकडा होता. शेवटच्या वर्षी त्यांचं माप मीच घेतलं होतं. मी आकडा म्हटला, आणि त्यानंतर गप्प बसले नाही. "तू वाळलायस, मास्तर. पावडरीनं माणूस असा वाळत नाही. तू आजारी आहेस."

मग बारकीनं डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "पावडरच आहे ताई. पावडरच असेल. दुसरं काय असणार?" ती त्या पावडरीला अशी धरून बसली होती, की ती सोडली तर तिच्या हाती काहीच राहणार नव्हतं. आणि मास्तर? त्यानं तिसरीच टूम काढली.

"पावडर असेल तर बंद कर," तो ओरडला. "आजपासून बंद. मला साखर दे. माझं अंग मला परत पाहिजे!"

मी डॉक्टरचं नाव काढलं तर त्यानं दार लावून घेतलं. बारकीला तरी दुसरं काय सुचणार? तिनं डबा कचऱ्यात रिकामा केला आणि साखर आणली. चहात साखर, दुधात साखर, पावावर जॅमचा थर, वर बाटलीतली गोड सरबतं. तिला वाटलं आपण घेतलेलं आपणच परत देतोय. मास्तर तहानेला व्याकूळ, तो त्या सरबतांच्या बाटल्या गटागटा रिकाम्या करायचा. आणि चढायच्या ऐवजी उतरतच चालला. गाल आत गेले. बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. त्याच्या श्वासाला एक वास यायला लागला, पिकून उतरलेल्या फळासारखा. मी रोज म्हणत होते, चल. तो रोज म्हणत होता, उद्या. त्याची भीती त्याला धरून ठेवत होती आणि माझी भीती मला झोपू देत नव्हती.

एका दुपारी मी बटणं लावत होते आणि मशीनचा आवाज विचित्र वाटला. मास्तर बाही शिवत होता. बाही संपली, कापड सुईखालून निघून गेलं, तरी मशीन चाललंच होतं. सुई नुसती हवेत वरखाली, दोऱ्याचा गुंता वाढत चाललेला. मास्तरचा पाय मोटारीच्या पायपट्टीवर तसाच दाबलेला आणि डोकं मशीनवर टेकलेलं. तो जोरजोरानं श्वास घेत होता, एखादं ओझं वाहून आणल्यासारखा.

"मास्तर! अरे मास्तर!"

डोळे उघडले, पण त्यांत मी नव्हते. "बाबा," तो म्हणाला, "पाणी."

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. समोरच्या चांभारानं आणि फळवाल्यानं त्याला उचलून टॅक्सीत घातलं. उचलताना फळवाला म्हणाला, "अरे, वजनच नाही!" त्यानं सहज म्हटलं, पण ते वाक्य मला आजही ऐकू येतं. बारकी फ्लास्क घेऊन येत होती, कोपऱ्यावरच भेटली. तशीच फ्लास्कसकट टॅक्सीत बसली आणि दवाखान्यापर्यंत तो फ्लास्क उराशी धरून होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही.

दवाखान्यात त्याला आत घेतलं आणि आम्हाला बाकावर बसवलं. ज्या सुयांना तो जन्मभर घाबरला त्या सगळ्या एकदम त्याच्या हातात गेल्या असतील, असं मला वाटत राहिलं. बारकी एकच वाक्य बोलत होती. "मी त्यांना विष दिलं ताई. मी विष दिलं." कुठलं विष, पावडर की साखर, ते तिलाही कळत नव्हतं. मी तिचा हात धरला होता.

शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. "रक्तात साखर भयंकर वाढलीये. मधुमेह आहे, आणि बरेच महिने असणार. अंगाला ती साखर वापरताच येत नाहीये, ती लघवीवाटे वाहून जातेय. म्हणून एवढी तहान, म्हणून एवढं वजन उतरलं. आज आणलं नसतं तर काही खरं नव्हतं."

"जगेल?" मी विचारलं.

"आजचा दिवस जाऊ द्या. मग सांगते."

बारकीनं पावडरीचं सगळं सांगितलं, रडत, अडखळत. डॉक्टरीणबाईनं शांतपणे ऐकलं. "काकू, त्या पावडरीनं ते बारीक झाले नाहीत आणि त्या पावडरीनं आजारीही पडले नाहीत. पुष्कळ लोक वजन उतरेल म्हणून घेतात, आणि सगळ्यांचं उतरतंच असं नाही. पण माणूस दुप्पट जेवतोय आणि तरी झपाट्यानं उतरतोय, तर तिथे शाबासकी द्यायची नसते. तिथे घाबरायचं असतं."

"आम्ही घाबरलोच होतो," मी म्हटलं. "फक्त एकमेकांना सांगत नव्हतो."

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मास्तरनं डोळे उघडले आणि हाताला लावलेली सुई बघून पुन्हा मिटले, तेव्हा मला कळलं की आपला मास्तर परत आला. डॉक्टरीणबाई त्याच्या पलंगाशी उभी राहून विचारत होती. "घरात कुणाला मधुमेह होता का? आईला, वडिलांना?"

"नाही," मास्तर क्षीण आवाजात म्हणाला. "बाबा अशक्तपणानं गेले."

मी पलंगाचा लोखंडी दांडा धरला. माझ्या डोळ्यांपुढे बाबांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा जग आला. मी तो भरून ठेवायची, सकाळी तळाला थेंब नसायचा. त्यांच्या तोंडाला तोच वास यायचा, उतरलेल्या फळाचा, आणि आईला वाटायचं औषधाचा आहे. आई पलंगावर बसून चमच्यानं त्यांना साखरेचं दूध पाजायची. एवढ्या प्रेमानं पाजायची, आणि ते अजून सुकायचे, म्हणून ती अजून साखर घालायची.

"होता," मी म्हटलं. "बाबांना होता."

मास्तरनं मान वळवली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तेव्हाही कुणी काही सांगितलं नाही. मी त्यांचं माप घेतलं, आकडा म्हटला आणि गप्प बसले."

मग त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. "म्हणजे इलाज होता?"

मी पदरानं त्याचे डोळे पुसले.

आता तो रोज स्वतः इंजेक्शन घेतो. पहिल्या दिवशी डोळे मिटून, दात आवळून, बारकीचा दंड धरून. अजूनही पांढरा पडतो, पण घेतो. चहात पुन्हा तीच पावडर आली, आता डॉक्टरीणबाईच्या सांगण्यावरून, आणि बारकी ती त्याच्या डोळ्यांसमोर घालते. "बघा हं, घातली," असं मोठ्यानं म्हणते. भीती गेली म्हणावं, तर तसं नाही. तो जरा जास्त वेळ गप्प बसला की मी काज टाकून उठते. पाण्याच्या जगाकडे माझी नजर सारखी जाते. मशीन उगाच चालतंय असं वाटलं की माझ्या जिवाचं पाणी होतं.

परवा तो टेबलाशी उभा होता. जरा अवघडल्यासारखा. पट्ट्यात बोट घालून इकडेतिकडे करत होता.

"काय झालं?" मी लगेच विचारलं. आता मी लगेच विचारते.

"ताई, पॅन्ट रुततेय."

मी सुई खाली ठेवली. टेप घेतला, त्याच्या कमरेभोवती घातला, आणि आकडा बघितला. विश्वास बसेना म्हणून काढून पुन्हा घातला. बारकी दारात डबा घेऊन उभी होती, आत यायचं विसरून.

"बोल की," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "आकडा नको. दुसरं बोल."

"जाडा झालायस रे मेल्या," मी म्हटलं.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं, दुकानभर ऐकू जाईल असं. मग त्याला पडद्यामागे पाठवून ती पॅन्ट मागवून घेतली, उलटी केली, आणि आधी बारकीचे टाके उसवले आणि मग त्याची टीप.